आलवण, मुकटा आणि लुगड्याचा काठ

माणूस जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा आत्मा जुना देह टाकून नवा घेतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला हा दृष्टान्त आपल्याकडे घरात कोणी गेले की सांत्वनासाठी हमखास सांगितला जातो. रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून घरातले वडीलधारे माणूस तो श्लोक म्हणते आणि ऐकणाऱ्याला खरोखरच थोडा धीर येतो. मलाही आलेला आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या ब्राह्मण घरांत हा श्लोक म्हटला जाई, तिथे पुष्कळदा त्याच दिवसांत आणखी एक वस्त्र बदलले जाई. ते गेलेल्याच्या बायकोचे. काठापदराचे लुगडे आणि चोळी जाऊन तिच्या अंगावर आलवण येई. आलवण म्हणजे तांबडे, एकरंगी, जाडेभरडे लुगडे. आत चोळी नाही, आणि केस काढलेल्या डोक्यावरून त्याच लुगड्याचा पदर. आत्म्याला वस्त्र बदलायची मोकळीक होती. तिला ती मरेपर्यंत मिळत नसे.

देह टाकण्याला उपमा द्यावी इतकी वस्त्र ही हलकी गोष्ट असेल, तर त्या बाईच्या वस्त्रासाठी धर्माच्या नावाने एवढा आग्रह का धरला गेला? आणि आग्रह धरण्याइतके ते मोलाचे असेल, तर दृष्टान्ताचा अर्थ काय लावायचा? सातारा जिल्ह्यात मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. जुन्या कादंबऱ्यांतले उतारे शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि मग सुटला नाही. मुली विचारायच्या, बाई, मुकटा म्हणजे काय? कासोटा म्हणजे काय? आलवण? मी अर्थ सांगे, आणि लक्षात येई की नुसत्या अर्थाने भागत नाही. ते कापड कोण कोणाच्या अंगावर घालत होते हे सांगितल्याशिवाय पुढचे रडणे मुलींना कळत नसे.

मराठी कादंबरीचा जन्मच या प्रश्नाच्या उंबऱ्यावर झाला आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 चे. प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या हा त्या पुस्तकाचा कणा आहे. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते आणि त्यांचा हेतू धर्मप्रचाराचा होता, हे वाचताना जाणवते. तरी आपल्या भाषेतल्या पहिल्या कादंबरीने राजा-राणी सोडून केस काढलेल्या बायांकडे पाहिले, याचे मला मोल वाटते. पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि 1893 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातली यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. हरिभाऊ बाप्या माणूस, पण तिच्या लहानपणच्या हौशी, सासरचे धाक, मुंबईत नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस ते तिच्याच बोलण्यात असे उतरवतात की वाचणाऱ्याला यमू घरातलीच वाटू लागते. आणि मग तिचे पती रघुनाथराव जातात. यमूला केस काढायचे नसतात. सासरच्या शंकरमामंजींच्या कपटाने ते बळजबरीने काढले जातात.

हा प्रसंग वर्गात वाचणे कठीण जाई. त्यातली एक गोष्ट मी मुलींना मुद्दाम दाखवी. त्या घरात सगळे जण धर्माचे नाव घेतात, पण यमूच्या आत्म्याचे काय होईल ही काळजी कोणी करताना दिसत नाही. लोक काय म्हणतील, घरात सकेशा विधवा ठेवली तर पंगतीला कोण बसेल, ही खरी चिंता. हरिभाऊंनी उपदेश केला नाही. धर्म म्हणवणारी गोष्ट चारचौघांच्या नजरेवर कशी उभी आहे ते त्यांनी दाखवले. त्याच 1890 च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना संघटित केले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करून घेतला. एकीकडे कादंबरीकार लेखणी उचलत होता, दुसरीकडे वस्तरा धरणारे हात तो खाली ठेवत होते. धर्मशास्त्राच्या पंडितांचे वाद त्यानंतरही कितीतरी वर्षे चालले.

माझी एक चुलत आजी आलवणात होती. आम्ही तिला माई म्हणत असू. तिची आठवण सांगते, कारण कादंबरीत सहसा न येणारी एक गाठ तिच्यामुळे मला कळली. शुभकार्याला निघताना माई समोर आली तर पाहुणे थबकत. हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या पडवीत बसे. पण नैवेद्याचा स्वयंपाक तिच्या हातचा. श्राद्धाचा तिच्याच हातचा. केस काढलेली, आलवण नेसलेली विधवा सोवळ्यात सर्वांत कडक, म्हणून देवाला आणि पितरांना तिचे अन्न चाले. केस राखलेली असती तर तेही चालले नसते. एकच कापड तिला एका दारातून अशुभ ठरवत होते आणि दुसऱ्या दारातून पवित्र. दोन्ही ठिकाणी तिला विचारलेले नव्हते. मी मोठी झाल्यावर एकदा तिला म्हटले, माई, तू पांढरे पातळ का नाही नेसत? आता कोण काय म्हणणार आहे? ती म्हणाली, “अगं, आता अंगाला सवय झाली. दुसरं नेसले तर मला मीच ओळखू येणार नाही.” बळजबरीने घातलेले वस्त्र शेवटी माणसाच्या ओळखीतच विणले जाते. म्हणून ते काढणे नुसत्या कायद्याने किंवा उपदेशाने होत नाही. हे मी माईकडून शिकले.

सोवळ्याचे शास्त्र आता पुष्कळांना पुस्तकातूनच माहीत असेल, म्हणून थोडे सांगते. सुती वस्त्र धुऊन, कोणाचा स्पर्श न होऊ देता उंच दांडीवर वाळत घालायचे आणि काठीने काढायचे. चुकून लहान मूल शिवले की पुन्हा धुवायचे. रेशमी मुकटा, पीतांबर किंवा कद, आणि लोकरीची धाबळी यांना मात्र विटाळ तितक्या चटकन लागत नाही अशी समज होती, कारण रेशीम आणि लोकर यांच्या शुद्धीचे नियम सुतापेक्षा सौम्य. शिवलेले कापड सोवळ्यात चालत नसे. पुरुषाला आणि बाईला, दोघांनाही कासोटा, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचलेला वस्त्राचा भाग, हवा. या नियमांमागे काही एक शिस्त होती, स्वच्छतेची जाणीव होती, देवापुढे जाताना मन वेगळे करण्याची इच्छाही होती. ते मी नाकारत नाही. सोवळे नेसून शांतपणे पूजा करणारे माझे वडील आठवले की मला आजही बरे वाटते. पण नियमांचा हिशेब मांडला तर दिसते की ज्याला येवल्याचा पीतांबर परवडतो त्याचे पावित्र्य टिकाऊ, आणि ज्याच्याजवळ एकुलता एक सुती पंचा आहे त्याचे पावित्र्य दिवसातून अनेकदा जाणार. पावित्र्य पैशाच्या आधाराने टिकत असेल, तर त्याला आत्म्याचा गुण कसे म्हणायचे?

‘श्यामची आई’ मी याच दृष्टीने पुन्हा वाचली. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि 1935 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपण तिला आईच्या प्रेमाचे पुस्तक म्हणून वाचतो, पण ते कापडाचेही पुस्तक आहे. आंघोळ झाल्यावर तळवे मळू नयेत म्हणून श्याम आईला धोंड्यावर ओचे पसरायला लावतो, आणि आई आपले लुगडे ओले करून त्याला त्यावर पाय ठेवू देते. मग सांगते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनाला लागू नये म्हणून जप. या प्रसंगात शुद्ध कोण? श्यामचे पाय, की मातीला लागलेले ते लुगडे? सोवळ्याच्या हिशेबाने लुगडे मळले. वाचणाऱ्याच्या हिशेबाने त्या घरात त्याहून स्वच्छ काही नव्हते. पुढे गरिबी येते. दिवाळीत आई भाऊबीजेच्या पैशांतून वडिलांसाठी धोतर आणवते आणि तिचे स्वतःचे लुगडे फाटकेच राहते. अशा जागी गुरुजी धर्माची व्याख्या करत नाहीत, कोणाच्या अंगावर काय आले एवढेच सांगतात, आणि ते पुरते.

त्याच पुस्तकात मोळी उचलता न येणारी महाराची म्हातारी आहे. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर. देवाला सारीच माणसे प्रिय असतात, हे तिला पटलेले आहे. तरी आंघोळ आहेच. शिकवताना या जागी मी थांबत असे. आईला कमी लेखण्यासाठी नव्हे, ती तिच्या काळात किती पुढे आली होती हे दाखवण्यासाठी, आणि जिथे तिचे पाऊल थांबले तिथून पुढे कोणाला चालायचे होते तेही मुलींना दिसावे म्हणून.

आपण पूजतो त्या देवांचे कपडेही त्या त्या काळाचेच असतात. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी देव्हाऱ्यात गेल्या. त्या लक्ष्मीच्या अंगात शिवलेले पोलके आहे. शिवणाची ही तऱ्हा त्या काळी नवी होती, सुधारलेल्या घरांतून नुकती रुळत होती. म्हणजे देव्हाऱ्यापुढे सोवळ्यात बसणाऱ्या बाईला जे शिवलेले वस्त्र वर्ज्य, ते तिच्या समोरच्या तसबिरीत देवीच्या अंगावर होते. आणि हे कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही, कारण एका पिढीत ते रूप अनादि वाटू लागले. रंगभूमीवरही तेच झाले. 1916 च्या ‘संगीत स्वयंवर’मध्ये बालगंधर्वांची रुक्मिणी ज्या तऱ्हेने नटून आली, ती तऱ्हा मुंबई-पुण्याच्या बायकांनी उचलली. द्वापरयुगातल्या राजकन्येचा वेष विसाव्या शतकात एका पुरुष नटाने घडवला आणि घरच्या लेकीसुनांनी तो अंगीकारला. मला यात काही गैर वाटत नाही. देवांना आपण आपल्यासारखे नटवतो, ही भक्तीची जुनी रीत आहे. गैर तेव्हा होते, जेव्हा त्याच वेषाला सनातन म्हणून दुसऱ्याला त्यात कोंडले जाते.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत नऊवारीची पाचवारी झाली. 1930 नंतरच्या कादंबऱ्यांत शिकलेल्या मुली गोल पातळात वावरू लागल्या. ना. सी. फडक्यांच्या नायिकेचे पातळ कोणत्या रंगाचे हे वाचकाला कळते, तिच्या घरच्या चुलीचे मात्र फारसे कळत नाही. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या (1933) शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींना तर अंगावरच्या कापडापेक्षा मोठी अडचण होती, त्यांच्या मनाला ओळखणारे कोणी नव्हते. घराघरांत मात्र वाद कापडाचा झाला. कासोटा नाही तर पूजा कशी करणार, असे विचारले गेले. आज त्याच पाचवारीत बायका सत्यनारायणाला बसतात आणि कोणाला काही वाटत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली शिवलेली नऊवारी घालून मोटारसायकलवर निघतात आणि तिला संस्कृती म्हणतात. त्यांच्या पणज्यांच्या काळात तीच नऊवारी टाकणे हे धाडस होते. मुली हौसेने घालतात, मला ते पाहायला आवडते. मी फक्त एवढेच पाहते, की एखादीने घातली नाही तर तिला कोणी बोलते का.

इथवर वाचून कोणी म्हणेल, वस्त्रात धर्म नसतोच, आत्मा निराळा, मग वस्त्राची एवढी चर्चा कशाला? हे उत्तर मला पुरे पडत नाही, आणि का पडत नाही ते मला कादंबऱ्यांपेक्षा बेबी कांबळे यांच्या आत्मकथनाने सांगितले. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, फलटणकडच्या. ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये आले. महार बायांनी लुगडे नेसताना काठ दिसू द्यायचा नाही, निऱ्यांखाली दडवायचा, कारण काठ मिरवण्याचा मान वरच्या जातीच्या बायकांचा, असे त्यांनी लिहिले आहे. लुगडे तेच, बाजारातून पैसे देऊन आणलेले. त्याचा काठ दिसतो की दिसत नाही एवढ्यावर बाईची पायरी ठरे. कल्पित कथेने हे आधीच सांगायला हवे होते. आमच्या मध्यमवर्गीय कादंबरीने शंभर वर्षे नायिकेच्या जरीकाठाचे वर्णन केले, पण शेजारून जाणाऱ्या बाईच्या काठाचे काय झाले ते पाहिले नाही. ही तिची मोठी उणीव आहे.

गीतेच्या दृष्टान्तात टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते ते सांगितलेले नाही. उपमेत ते सांगण्याची गरजही नसते. पण मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात त्याचे उत्तर मिळते. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत, असा तिथे नियम आहे. प्रेतावरचे कापड महारांकडे जाण्याची चाल आपल्या गावगाड्यात होतीच. एकाचे जीर्ण वस्त्र दुसऱ्याच्या वाट्याला धर्माज्ञा म्हणून आले. वस्त्र क्षुल्लक आहे, हे म्हणण्याची चैन ज्याला आपल्या मनासारखे वस्त्र मिळते त्यालाच करता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुरते ओळखले होते. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या बायकांना सांगितले की लुगडी वरच्या वर्गातल्या बायकांसारखी पायघोळ नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. आलेल्या बायकांनी लुगडे नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. एवढा मोठा ग्रंथपंडित ग्रंथ जाळण्याबरोबर निऱ्यांविषयी बोलतो, याचे काहींना नवल वाटते. मला ते अगदी सुसंगत दिसते. ग्रंथातला नियम त्या बायांच्या पोटऱ्यांपर्यंत येऊन थांबलेला होता. तो तिथूनच काढायचा होता.

म्हणून मी आता तो दृष्टान्त वेगळ्या तऱ्हेने वाचते. त्यातला माणूस जीर्ण वस्त्र आपल्या हाताने टाकतो आणि नवे आपल्या हाताने घेतो. त्याला कोणी धरून ठेवलेले नाही, कोणी त्याचा काठ दडवायला लावलेला नाही. आत्म्याच्या मोकळेपणाला उपमा म्हणून कपडे बदलणारा मोकळा माणूस घेतलेला आहे. यमूला, माईला आणि काठ दडवणाऱ्या त्या बायांना तो श्लोक सांगितला गेला असेल, पण तो त्यांना लागू नव्हता, कारण त्यांच्याकडून उपमेतला पहिला भागच काढून घेतलेला होता. जिला वस्त्र निवडता येत नाही तिला आत्म्याच्या स्वातंत्र्याचे सांत्वन देणे मला अधर्म वाटतो. आणि जिने आपणहून निवडले, ती सोवळे नेसो, भगवे नेसो, बुरखा घेवो की पँट घालो, तिच्या वस्त्रात धर्म असू शकतो. तो तिने स्वतः आणलेला असतो.

यमूची गोष्ट छापून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आलवण आता दुकानात मिळत नाही, डोक्याला वस्तरा कोणी लावत नाही. पण नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे अजून चालू आहे, आणि ते करणारे हात पुष्कळदा घरातल्या बायकांचेच असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. तुमच्या गावात तो ठराव झाला आहे का, ते विचारा. झाला नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा. झाला असेल, तर पुढच्या वेळी कोणाच्या दारात जाल तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्यांना कोणी हात लावणार नाही याची काळजी घ्या, आणि तिला काय नेसायचे आहे ते तिचे तिला ठरवू द्या.